बोट ठेवलं तिथं सही

संपादकांचं पत्र आलं, "तुमच्या संगीतसाधनेविषयी लिहा." वाचून मला हसू आलं. कळंबच्या शाळेत मी एकतीस वर्षं संगीत शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं सातवीच्या पोरांचं स्वागतगीत बसवण्यात गेली आणि निम्मी पाहुणे उशिरा आले म्हणून तेच गीत पुन्हा म्हणवून घेण्यात. याला साधना म्हणायची माझी तयारी नाही. पण एक काम मी जीव ओतून केलं आणि त्याचा मला गर्व आहे, तो लपवत नाही. आमच्या भागातल्या सात पोरापोरींना मी संगीताच्या एम.ए.ला लावून दिलं. गायचं ते त्यांनी गायलं, अर्ज मात्र मी भरले.

आता वाचक म्हणतील, अर्जात काय मोठं? फॉर्म आणायचा, भरायचा, पेटीत टाकायचा. तर कळंबात त्या काळी हा फॉर्म डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी एकटाच होतो. तो विद्यापीठातून टपालानं मागवावा लागे. आपल्याच पत्त्याचं पाकीट तिकीट लावून आत घालायचं आणि पंधरा दिवस पोस्टमनच्या तोंडाकडे बघत बसायचं. फॉर्मसोबत बी.ए.च्या गुणपत्रिका, विशारद परीक्षेचं प्रमाणपत्र आणि या सगळ्यांच्या खऱ्या नकला. झेरॉक्स आमच्याकडे पोचलेलं नव्हतं. नक्कल कचेरीसमोरच्या टायपिस्टकडून टाइप करून घ्यायची आणि तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का आणायचा. कळंबात असे अधिकारी मोजके, आणि त्यांतले सगळ्यांत दयाळू म्हणजे गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची गाण्याची प्रमाणपत्रं म्हशी तपासता तपासता खरी ठरलेली आहेत.

मग रागांची यादी. आपल्याला कुठले राग येतात ते लिहून द्यायचं आणि परीक्षक त्यातला कुठलाही विचारणार. पोरं हुरळून तीस-तीस राग लिहीत. मी पेन्सिल घेऊन बसे. "हा अर्धा तास गाशील का? ताप आला असला तरी?" गाईन म्हणाला तर ठेवायचा, नाहीतर काट. बहुतेकांची यादी आठ-नऊवर येऊन थांबे. मारवा मी कुणालाच लिहू देत नसे. त्या रागात सा जवळजवळ टाळायचा असतो. घराबाहेर तासभर फिरायचं आणि तरी घर कुठल्या दिशेला आहे ते विसरायचं नाही, असा तो प्रकार. भलेभले त्यात वाट चुकतात.

शेवटी प्रत्यक्ष परीक्षा. तीन परीक्षक, समोर सतरंजी, तंबोरा आणि तबला त्यांचा. पेटीवाला आपला न्यायचा. तो पेटीवाला अर्थात मी.

आणखी एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अर्ज मी माझ्या हातानं भरत असे. माझं अक्षर सुरेख आहे, हे मुख्याध्यापकसुद्धा मान्य करत. भरून झाला की विद्यार्थ्याला बोलवायचं, सहीच्या जागेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "इथं कर." बोट ठेवलं तिथं तो सही करी. वाचून बघ, असं मी कधी म्हटलं नाही आणि कुणी वाचायलाही लागलं नाही. सरांनी भरलेला अर्ज आपण तपासायचा, हा विचारच आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात येत नसे. मलाही ते फार बरं वाटे.

या कामात गिऱ्हाइकं एकेक भेटली. साखर कारखान्याचे एक संचालक मुलाला घेऊन आले. मुलाला शहरातल्या वसतिगृहात राहायचं होतं आणि बाकी सगळ्या विषयांचे प्रवेश संपले होते.

"गाण्याचा पेपर कोण तपासतंय, तेवढं सांगा गुरुजी. बाकी आमी बघतो."

"पेपर नसतो साहेब. परीक्षक समोर बसून ऐकतात."

"मग त्यास्नी भेटू की आधी."

"आधी भेटून काय करणार? गाणं नंतरच ऐकतील ना ते."

मी पेटीवर सा धरला आणि मुलाला म्हणायला सांगितलं. त्यानं जे काढलं ते ऐकून संचालकांनीच हात वर केला आणि म्हणाले, "राहू द्या. ह्येला मार्केट यार्डात बसवतो." माझ्या आयुष्यात एवढा चटकन पटलेला पालक दुसरा नाही.

परंड्याच्या बँडमास्तरची गोष्ट मात्र मला टोचते. पंचेचाळिशीचा माणूस, लग्नाच्या वरातीत क्लॅरिओनेट वाजवणारा. त्यानं विशारद पहिल्या वर्गात काढली आणि एम.ए.चा फॉर्म मागायला आला. मी विचारलं, "बी.ए. कधी झालात?" तो म्हणाला, "मी चौथी हाय." मी फॉर्म दिला नाही. नियमच तसा होता. पण मी त्याला बसवून चहा तरी पाजायला हवा होता, तोही पाजला नाही.

आता सुजाताचं सांगतो.

तिला तिचे वडील घेऊन आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडिलांचं नाव तुळशीराम. मांजरेच्या काठचं गाव, दोन एकर कोरडवाहू रान आणि बाकी मजुरी. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते जलशासाठी. जयंतीच्या दिवसांत त्यांची पार्टी गावोगाव गायला जाई. दारात उभे राहून "जयभीम गुरुजी" म्हणाले आणि लगेच मुद्द्यावर आले.

"हिला गाणं येतंय. पर ते कागदावर कुनी घेत न्हाय. कागदावर येईल असं शिकवा."

मी म्हटलं, गा. तिनं वडिलांचं एक गाणं म्हटलं. ढोलकीवर मात करायची सवय असलेला आवाज, पेटीच्या काळी पाच पट्टीच्या खाली यायला तयार नाही. माझ्या वर्गाच्या खिडकीत आठवीची पोरं जमा झाली. मी विचारलं, कुठं शिकलीस? तर बहात्तरच्या दुष्काळात. ती नऊ वर्षांची होती. आईवडील खडी केंद्रावर दगड फोडायचे. तुळशीरामदादा तिथं गायचे, हातोडे त्या ठेक्यावर पडायचे, आणि ही खडीच्या ढिगावर उभी राहून झील धरायची. म्हणजे ओळ संपली की मागून ती उचलून घ्यायची. बाई-माणसं दिवसभर राबायची आणि ही दिवसभर झील धरायची. लयीला इतकी पक्की मुलगी मी पाहिली नव्हती, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

पुढची पाच वर्षं तिनं माझ्याकडे रागदारी केली. विशारद झाली, बी.ए. झाली. घरात एका खोलीत सात माणसं, त्यामुळे रियाजाला जागा नव्हती. ती सोय झाली दुष्काळामुळेच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पुन्हा ओळीनं पाऊस रुसला. गावच्या सोसायटीचं गोदाम ओस पडलं. पेरणीच नाही तर खत कोण उचलणार? सोसायटीचे सेक्रेटरी मिस्किल गृहस्थ. त्यांनी किल्ली सुजाताच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाले, "गाऊ द्या गुरुजी. ही गाती तवा उंदरं पोत्याकडं येत न्हाईत." पत्र्याच्या त्या गोदामात युरियाचा वास इतका की माझे डोळे चुरचुरत. ती रोज सकाळी दोन तास तिथं गायची. पत्र्यामुळे आवाज घुमून परत यायचा आणि सूर जरा हलला तरी तो चार वेळा ऐकू यायचा. असा शिक्षक मी तिला होऊ शकलो नसतो.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. बी.एड.ला तिचा नंबर लागला, आणि विद्यापीठातून एम.ए.च्या परीक्षेची तारीख आली. दोन्ही एकाच आठवड्यात. बी.एड. म्हणजे मास्तरीण, म्हणजे पगार. तिचे मामा एस.टी.त कंडक्टर होते, घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणत होते, बी.एड.ला हजर हो, गाणं काय घरात आहेच. सुजाता माझ्याकडे आली.

"सर, खरं सांगा. लागेल का माझा नंबर?"

मी काय म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. मी म्हणालो, "अर्ज मी भरलाय." एवढ्यावर तिनं बी.एड. सोडलं.

तो अर्ज मी कसा भरला होता? फॉर्मवर एक रकाना असे : गुरूचे नाव, घराणे, किती वर्षे शिक्षण. शहरातल्या मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून गुरूकडे बसलेल्या असतात. त्यांच्या अर्जांच्या गठ्ठ्यात 'पाच वर्षे' हा आकडा मला केविलवाणा वाटला. आणि 'जलसा' हा शब्द तर मला लिहवेना. का लिहवेना ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. मी सुरेख अक्षरात माझं नाव लिहिलं, बार्शीच्या माझ्या गुरुजींनी कुणाकडून तरी थोडंबहुत उचललेल्या घराण्याचं नाव लिहिलं, आणि पुढं लिहिलं : 'वयाच्या नवव्या वर्षापासून, तेरा वर्षे.' नवव्या वर्षी ती माझ्या गावीही नव्हती. मग बोट ठेवलं. तिनं सही केली.

आम्ही कळंबहून एस.टी.नं येडशीला, येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीनं गेलो. तुळशीरामदादांनी गावच्या फाट्यावर निरोप दिला. पेटी मांडीवर घेऊन मी छोट्या गाडीत बसलो होतो आणि ती खिडकीतून रामलिंगाचा डोंगर बघत भीमपलास गुणगुणत होती. मला वाटत होतं, आता फक्त पत्र यायचं बाकी आहे.

परीक्षेत ती भीमपलास गायली. चांगली गायली. मधल्या खुर्चीवर एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी डोळे मिटले होते. मी मनात म्हटलं, झालं काम. मग बाईंनी चष्मा लावून अर्ज उचलला.

"नवव्या वर्षापासून शिकताय? छान. पहिली चीज कुठली शिकवली हो गुरुजींनी? तीच म्हणा थोडीशी."

सुजाताला कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे म्हण काहीतरी. तिनं परत बाईंकडे पाहिलं.

"नऊ वर्षांची असताना मी खडी केंद्रावर होते," ती म्हणाली.

बाईंनी अर्ज तिच्याकडे वळवून धरला. तिनं तो पहिल्यांदा वाचला, सगळा. वाचायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होतो.

"हे कुणी लिहिलं?"

"सही माझी आहे, बाई."

"ते दिसतंय. लिहिलं कुणी?"

"सही माझी आहे."

मी तिथंच बसलो होतो, चार हातांवर. 'मी लिहिलं' हे दोन शब्द होते. भात्यावर हात ठेवून मी गप्प बसलो. बाई म्हणाल्या, गाणं चांगलं आहे, पण माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द, हे फॉर्मच्या खालीच छापलेलं आहे. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि कदाचित जास्त कडक बोललो असतो.

कुर्डुवाडीला छोट्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो. ती रडली नाही. मी काहीतरी बोलायला गेलो तर तिनं हातानं थांबवलं.

"सर, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरीन."

"भर."

"तुम्ही पेटीवर बसा फक्त."

घरी तिनं सांगितलं की मार्क कमी पडले. बी.एड. गेलेलं होतं. मामांनी एक वर्षाची मुदत दिली, पुढं लग्न. ती आईवडिलांबरोबर रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायला लागली. सकाळी गोदाम, मग दिवसभर डोक्यावर पाटी. हे मला सेक्रेटरींकडून कळलं. महिनाभर मी शाळेत नुसतं राष्ट्रगीत वाजवलं आणि मग एका रविवारी सायकल काढून तलावाच्या कामावर गेलो.

तुळशीरामदादा भरावावर उभे होते. मला बघून खाली आले. "पोरीचं मार्क कमी पडलं म्हनं," ते म्हणाले. "पडूं द्या. पुन्यांदा बसंल."

मी त्यांना सगळं सांगितलं. रकाना, नववं वर्ष, तेरा वर्षं, माझं गप्प बसणं, सगळं. हातातलं खोरं त्यांनी जमिनीवर टेकवलं.

"म्हंजी नवव्या वर्सापासनं सतराव्या वर्सापत्तोर ती माझ्यापाशी व्हती, ती आठ वर्सं तुमी तुमच्या नावावर लावून घेतली. व्हय ना गुरुजी?"

"हो."

"माझं नाव लिवाया लाज वाटली व्हय?"

मी नाही म्हणणार होतो. तोंडातून हो निघालं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोरं उचललं आणि म्हणाले, "दोन एकर रान हाय माझ्याकडं, त्येला पानी न्हाय. ह्ये गानं सोडलं तर पोरीला द्याया काय व्हतं? तेवढंच तुमी खोडलं." आणि ते परत भरावावर गेले.

सायकल हातात धरून मी चालतच निघालो. मला माझे वडील, आप्पा, आठवत होते. आम्ही परंड्याकडचे, मेंढरंवाले. आप्पा ढोलाच्या तालावर ओव्या म्हणायचे, एकेक ओवी तास तास. मला सूर कशाला म्हणतात ते त्यांच्या मागं उभं राहून कळलं. पुढं मी बार्शीला गुरुजींकडे चार वर्षं पेटी आणि थोडं गाणं शिकलो. बहात्तरला, पाण्याला दाही दिशा झालेल्या साली, कळंबच्या शाळेत नोकरीचा अर्ज केला तेव्हा 'गुरू' या शब्दापुढं बार्शीचे गुरुजी लिहिले. वडिलांचा व्यवसाय शेती लिहिला. मेंढरं लिहिली नाहीत, ओव्याही नाहीत. आप्पा नंतर कधीतरी शाळेत आले तर मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं नाही, बाहेर लिंबाखाली बसवलं. ते माझ्या वर्गातली पेटी लांबून ऐकून परत गेले. मी सुजाताच्या अर्जावर जे केलं ते आधी माझ्याच अर्जावर केलेलं होतं. मला त्या दिवशी स्वतःची शिसारी आली, हे लिहायला आता मला संकोच नाही.

पण नुसतं वाईट वाटून तिचं वर्ष परत येणार नव्हतं. पुढच्या अर्जाबरोबर माझं शिफारसपत्र लागणार होतं. मी ठरवलं, त्यात खरं लिहायचं. मागच्या वर्षीची माहिती मी लिहिली, विद्यार्थिनीनं ती वाचली नव्हती, परीक्षेत मी हजर असून गप्प राहिलो, दोष सर्वस्वी माझा. मसुदा मुख्याध्यापकांना दाखवला. ते भले गृहस्थ, घाबरले.

"अहो, आपल्या शाळेतलं विशारदचं परीक्षा केंद्र तुमच्या सहीवर चालतं. हे पत्र गेलं तर उद्या तुमच्या सहीला विचारणार कोण?"

"कुणी नाही विचारलं तर चालेल, सर."

"पुढच्या मुलांचं काय?"

"पुढच्या मुलांचे अर्ज पुढची मुलं भरतील."

पत्र मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

सुजातानं फॉर्म गोदामातल्या तराजूशेजारी बसून भरला. तिचं अक्षर माती वाहून आणखीच बिघडलं होतं. मी समोर बसलो होतो, बोट खिशात. तिनं रकान्यात लिहिलं : 'वडील तुळशीराम, जलशात, आठ वर्षे. त्यानंतर सर, सहा वर्षे.' घराण्यापुढं लिहिलं, 'नाही.' मग रागांच्या यादीवर आली. बारा राग. शेवटचा मारवा. माझा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. तिनं कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"सर, वर्षभर ह्या पत्र्याखाली हाच गायलेय."

"त्यांनी नेमका तोच विचारला तर?"

"विचारू द्या."

पुन्हा येडशी, पुन्हा छोटी गाडी. पुन्हा त्याच बाई मधल्या खुर्चीवर. माझं पत्र त्यांच्यासमोर उघडं पडलेलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढं त्या दिवशी जमलं. मग सुजाताला म्हणाल्या, "मागच्या वर्षी हे का नाही सांगितलंत?"

"सही माझी होती."

बाई आवाज मऊ करून म्हणाल्या, "वडिलांनी शिकवलेलं एखादं गाणं म्हणा ना. ऐकू द्या आम्हाला."

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो, हे गाणं तर ती कसंही जिंकेल. सुजातानं तंबोरा सरळ केला.

"बाई, ते मी जयंतीला म्हणते. तिथं या, पोटभर ऐकवीन. इथं मी एम.ए.ला आलेय. यादीतला राग सांगा."

डावीकडचे परीक्षक खोकले. बाईंनी यादी उचलली, वरून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"मारवा."

तिनं सुरुवात केली. घाई नाही की आटापिटा नाही. कोमल रिषभावर ती अशी थांबली, की पेटीवर सा द्यायचा मोह मला आवरेना. माझं बोट पट्टीवर जाऊन परत आलं. तिला त्या आधाराची गरज नव्हती. गोदामात चारी बाजूंनी परत येणारा आवाज तिनं वर्षभर ऐकला होता, आपण सा पासून किती लांब आहोत ते तिला पक्कं ठाऊक होतं. वीसेक मिनिटांनी ती एकदाच सा वर आली. बाईंनी डोळे उघडले आणि अर्जावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. नंबर लागला होता. मी कार्ड घेऊन पाझर तलावावर गेलो. तुळशीरामदादांना वाचून दाखवलं.

"घेतलं का कागदावर?"

"घेतलं."

"अर्जावर नाव कुनाचं हाय?"

"पहिलं तुमचं. दुसरं माझं."

त्यांनी पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि कार्ड हातात घेतलं. त्यांना वाचता येत होतं, तरी मला म्हणाले, "आनिक एकदा वाचा." मी वाचलं. कामावरच्या बाया गोळा झाल्या, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा वाचलं.

त्यानंतर मी एकाही विद्यार्थ्याचा अर्ज भरला नाही. समोर बसवून त्यांच्याकडून भरून घेतला. खाडाखोड झाली, दोन फॉर्म परत मागवावे लागले, गुरांच्या डॉक्टरांना चार चकरा जास्त झाल्या. सातातले शेवटचे तिघं असे लागले.

आता एक गोष्ट सांगून थांबतो. परवा जिल्ह्यातल्या जुन्या कलावंतांची नोंद करायची म्हणून कचेरीनं एक फॉर्म काढला. मलाही आला. जोडपत्रांच्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का हवा होता. गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर कधीच निवृत्त झाले. पण सुजाता आता सरकारी कॉलेजात संगीताची प्राध्यापक आहे, तिचा शिक्का चालतो. मी फॉर्म भरला आणि एस.टी. पकडून तिच्याकडे गेलो.

तिनं नकला मूळ कागदांशी ताडून पाहिल्या, एकेक. मग फॉर्म पाहिला. त्यावर माझी सही राहिली होती. मी खिशातून पेन काढलं, तर तिनं फॉर्म माझ्याकडे वळवून धरला.

"सर, आधी वाचून बघा."

"मीच भरलाय की."

"तरी वाचा."

मी चष्मा लावला. माझंच सुरेख अक्षर. नाव, गाव, जन्मतारीख. पुढं 'गुरूचे नाव' असा रकाना आणि त्यात बार्शीच्या गुरुजींचं नाव, नुसतं तेवढंच. इतक्या वर्षांनी, एवढं सगळं होऊन, हातानं सवयीनं तेच लिहिलं होतं. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. सुजातानं घाई केली नाही.

मग गुरुजींच्या नावाच्या वर जी थोडी जागा होती, तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं : 'वडील धोंडिबा, मेंढपाळ. ढोलावरच्या ओव्या. लहानपणापासून.' अक्षर वाकडं आलं. दोनदा वाचलं आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला.

तिनं वाचला. मग तो परत माझ्यासमोर ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"आता करा, सर. इथं."